दुर्गेभाऊ आणि मे फ्लॉवरचे कांदे

दुर्गेभाऊंनी आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, आणि पसरला तो कांद्यासाठी. कांदा म्हणजे भाजीतला नव्हे, मे फ्लॉवरचा. आमच्या चंद्रपुरात माणसं ओल्या दुपट्ट्यात डोकं गुंडाळून घरात दडलेली असतात त्या दिवसांत, पान नाही, फांदी नाही अशा कोरड्या मातीतून एक जाडसर दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला चेंडूएवढं लालभडक फूल उमलतं. कोणी त्याला फुटबॉल लिली म्हणतात. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज केंद्राच्या कॉलनीतल्या, क्वार्टरांमध्ये ते बऱ्याच जणांकडे होतं, आणि ते सगळं गेलेलं होतं एकाच बाल्कनीतून. ती बाल्कनी माझ्या डोक्यावर होती.

मी खालच्या क्वार्टरमध्ये, दुर्गे मंडळी वर. मी शाळेत शिकवते म्हणून दुर्गेभाऊ मला ‘मास्तरीनबाई’ म्हणायचे. मला ते पहिल्यांदा मुळीच आवडलं नव्हतं. ठेंगणा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि स्कूटरच्या हँडलला बारा महिने लटकवलेली पाण्याची कापडी छागल. थंड पाण्याच्या बाटल्या दर दुकानात मिळायला लागल्या तरी यांची छागल काही उतरली नाही. रस्त्यात कोणी घामाघूम दिसलं की हे स्कूटर थांबवणार आणि म्हणणार, “पानी प्या, मंग बोला.”

वीज केंद्रात ते बॉयलरवर होते. सगळी नोकरी तिथेच गेली. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी एका पातळीखाली गेलं की नळ्या जळतात, हे मला त्यांनी इतक्या वेळा समजावलं की मीही आता बॉयलर चालवू शकेन. “आग कमी झाली त चालते. पानी तुटलं नाई पायजे,” हे त्यांचं ब्रीद. ते घरी आले तरी ब्रीद कारखान्यात राहत नसे. कूलर काठोकाठ, माठ काठोकाठ, पाखरांच्या वाट्या काठोकाठ. एका लग्नात मी त्यांना पाहिलं, तर पंगतीत बसायचं सोडून हा माणूस पाण्याचा जग घेऊन सगळ्यांचे पेले भरत फिरत होता. नवरदेवाच्या मामाने त्यांना वाढपी समजून मठ्ठा आणायला पिटाळलं. यांनी आणलासुद्धा.

दुसरी गोष्ट म्हणजे देव, नवस, गंडेदोरे यांच्याशी त्यांचं उभं वैर. बाबासाहेबांची माणसं आम्ही, असं ते छाती पुढे काढून सांगायचे. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा माझ्या आईने तिला लिंबू-मिरच्या बांधल्या. संध्याकाळी पाहते तर मिरच्या तेवढ्या लोंबतायत आणि दुर्गेभाऊ पेला घेऊन दारात.

“मास्तरीनबाई, येवढ्या उन्हात लिंबू टांगून वाळवता का जी? घ्या, सरबत घ्या. याच्यानं अपघात नाई होत, मी गॅरंटी देतो.”

आई दोन दिवस धुमसत होती. सरबत मात्र तिने प्यायलं.

त्यांच्या बायकोला, विमलताईंना, या सगळ्याची सवय होती. त्या शांत, उंच, आणि हसल्या की तोंडावर पदर घेणाऱ्या. मे फ्लॉवर त्यांचे. माहेराहून एक कांदा आणला होता, त्याला पिलं फुटत गेली, आणि बाल्कनी कुंड्यांनी भरली. कोणाची बदली झाली, कोणी रिटायर झालं, कोणाची मुलगी सासरी निघाली की विमलताई जुन्या पेपरात एक कांदा गुंडाळून द्यायच्या. पैसे कधी घ्यायच्या नाहीत. एवढंच सांगायच्या, “मे मंदी फूल येते. तोवर त्याले उकरून पाहू नका.” मलाही एक दिला होता. माझ्या हाती झाडं लागत नाहीत. तो कुठे गेला ते मला आणि मांजरालाच ठाऊक.

दुर्गेभाऊंना मात्र त्या कुंड्यांना हात लावायची बंदी होती. “तुमचा हात वल्ला हाय,” विमलताई म्हणायच्या. “तुमी बॉयलरले पानी पाजा. माह्या कुंड्याइले नाई.” दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली की त्या पाणी बंद करत, आणि पानं वाळून गळली की एकेक कुंडी मातीसकट जिन्याखाली आडवी करून ठेवत, म्हणजे चुकूनही कोणी तिच्यात पाणी ओतू नये, हे कारण मला फार नंतर कळलं. उन्हाळा तापला की पुन्हा उभी. हे दर वर्षी आमच्या नाकासमोर व्हायचं. दुर्गेभाऊंची समजूत अशी, की बायको कुंड्यांना थंडीपासून आडोशाला ठेवते. भाऊंनी कधी विचारलं नाही, ताईंनी कधी सांगितलं नाही. एका घरात राहून माणसं कितीतरी गोष्टी अशाच न विचारता राहतात.

मग एका दसऱ्याच्या सुमारास विमलताईंचं पोट दुखायला लागलं, आणि दुखणं जे निघालं ते आता नाव घेऊन काय करायचं. नागपूरला मुलगी सुजाता होती, तिच्याकडे राहून उपचार करायचे ठरलं. गाडीत बसताना विमलताईंनी वर बाल्कनीकडे पाहिलं. पानं तेव्हा हिरवीगार होती.

“कुंड्या पाहजा बरं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मे मंदी फुलं पाह्याले येतो मी घरी.”

त्या सहज बोलल्या असतील. दुर्गेभाऊंनी ते शिफ्टचा चार्ज घेतल्यासारखं घेतलं.

त्या हिवाळ्यात माझे वाळत घातलेले कपडे काही धड वाळले नाहीत. वरून सकाळ-संध्याकाळ पाणी टपकायचं. मी एकदा ओरडले, तर वरून आवाज आला, “माफ करा मास्तरीनबाई, विमलच्या कुंड्या हाय.” मी बादली उचलून आत गेले. सुट्टी मिळाली की नागपूर, परत आले की ड्यूटी, आणि ड्यूटीवरून आले की कुंड्या. पानं पिवळी पडली तेव्हा ते घाबरले आणि त्यांनी पाणी वाढवलं. थंडी पडली तेव्हा कुंड्यांना पोती गुंडाळली आणि पाणी चालूच ठेवलं. कोणीतरी सांगितलं म्हणून खताला सरकीची ढेप भिजवून घातली. फोनवर विमलताई विचारायच्या, “कुंड्या कशा हाय?” आणि हे सांगायचे, “फस्क्लास हाय. तू फक्त तुह्याकडे पाह्य.” ताईंना वाटलं असेल, आडव्या केल्या. खोदून विचारण्याएवढी ताकद तेव्हा त्यांच्यात उरली नव्हती.

जिन्यात भेटले की मी विचारायचे, ताई कशा आहेत? पूर्वी ते डॉक्टरांचं सगळं सविस्तर सांगायचे. पुढे पुढे सांगायला लागले, “मे मंदी येते म्हनली न ती. फूल येईन न, ते येईनच.” हे दुर्गेभाऊंच्या तोंडून ऐकताना मला कसंसंच व्हायचं. ज्या माणसाने माझ्या आईचं लिंबू पिळलं, तो बायकोचा जीव कुंडीत नेऊन ठेवत होता आणि हे त्याला कळतही नव्हतं. कोणी त्यांना सांगितलं, चैत्रात महाकालीची यात्रा भरते, बोला नवस. तर हे ताडकन म्हणाले, “आमच्यात नाई करत.”

होळी झाली. ऊन चढायला लागलं. एप्रिल सरता सरता एका सकाळी दारावर थाप पडली. दुर्गेभाऊ उभे होते, शर्टाची बटणं वरखाली, आणि ओंजळीत काळपट लगदा. वास असा की मी मागे सरले.

“हे काऊन असं झालं जी?” त्यांनी विचारलं. “मी त एक दिवस पानी तुटू नाई देल्लं.”

मला काही माहीत नव्हतं. मी चंद्रपूरच्या एका नर्सरीवाल्याला फोन लावला, आणि फोन स्पीकरवर ठेवला. तेवढं करायला नको होतं, पण मला काय कल्पना. तो बिचारा सरळ बोलला, हा कांदा हिवाळ्यात झोपतो, झोपेत पाणी दिलं की सडतो, त्याला कोरडाच ठेवावा लागतो. दुर्गेभाऊ उभ्या उभ्या ऐकत होते. लगद्याचं पाणी त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं.

“म्हंजे मीच बुडवले,” ते म्हणाले. “आडव्या यासाठी करे ती.”

सगळ्या कुंड्या उकरल्या. एकही कांदा धड नव्हता. दुर्गेभाऊ बाल्कनीत त्या चिखलात बसून लहान मुलासारखे रडले. मी खाली येऊन चहा केला, आणि तो न्यायची हिंमत झाली नाही म्हणून मीच प्यायले.

त्याच आठवड्यात सुजाताचा फोन आला, माझ्याकडे. “काकू, डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांनी हा डोस संपला की आता घरी न्या. आईलाही घरीच यायचंय. फुलं बघायची म्हणते.” घरी न्या म्हणजे काय ते मला कळलं. दुर्गेभाऊंना कळलं की नाही, देव जाणे. मी निरोप सांगितला, त्यातलं त्यांनी फक्त फुलांचं वाक्य ऐकलं.

मग सुरू झालं ते हात पसरणं. नर्सरीत कांदे होते, पण बोराएवढे. त्यांना फूल यायला दोन-तीन वर्षं, असं नर्सरीवाला म्हणाला. दुर्गेभाऊंना याच मेमध्ये फूल हवं होतं. बायकोने वाटलेलं परत मागायला ते भर उन्हात कॉलनी फिरायला लागले. दारात उभं राहायचं, पायातली चप्पल चाळवायची, आणि म्हणायचं, “विमलनं एक कांदा देल्ला होता तुमाले. असंन त...” पुढचं वाक्य त्यांना येत नसे. हा माणूस उसनी साखरसुद्धा न मागणारा.

कांदे कुठेच नव्हते. एका घरी ‘कुंडी रिकामी दिसली’ म्हणून तिच्यात तुळस लावलेली. एकीने तर रिकाम्या कुंड्या म्हणून भंगारवाल्याला दिलेल्या. झोपलेल्या कांद्याचं हेच दुर्दैव, वरून काही दिसतच नाही. एका साहेबांच्या अंगणात होते, पण त्यावर आता फरशी. साहेब चांगले होते, म्हणाले, “दुर्गे, हवी तर फोडा.” यांनी खरोखर पहार आणली आणि दोन फरश्या फोडल्या. खाली मुरूम निघाला. एका बाईंनी दया येऊन प्लास्टिकचं लाल फूल पुढे केलं. ते घेऊन दुर्गेभाऊ माझ्याकडे आले आणि मला विचारलं, “दुरून वळखू येईन का जी?” मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली, की मी ते फूल त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

त्या झटापटीतच मला सयाबाई आठवली. सयाबाई कुमरे पूर्वी माझ्याकडे आणि वर दुर्गेंकडे काम करायची. आता गावी, वाघांच्या जंगलाच्या वेशीवरच्या मोहर्लीला, एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात होती. जाताना विमलताईंनी तिला कांदा दिलेला मी पाहिला होता. मी नाव घेतलं मात्र, दुर्गेभाऊ छागल भरायला धावले. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या. या अवस्थेत त्यांना एकट्याला सोडणं मला बरं वाटेना, म्हणून मीही बसमध्ये चढले.

मोहर्लीला सफारीच्या जिप्सींची रांग, टोप्या घातलेले पर्यटक, आणि त्यातून वाट काढत दोन्ही बाजूंना बघत चाललेले दुर्गेभाऊ. जो तो वाघ शोधत होता आणि हे कांदा. सयाबाईचं घर गावाच्या कडेला. मागच्या बाजूला बांबूच्या बेटाच्या सावलीत कोरड्या, भेगा पडलेल्या जमिनीतून बोटभर दांडा वर आला होता, आणि टोकाला मिटलेली कळी. दुर्गेभाऊ तिच्यासमोर मटकन खाली बसले.

सयाबाईला सगळं सांगितलं. तिने कळीभोवतीची माती बोटाने चाचपली. मग म्हणाली, “नेता त न्या भाऊ. बाईनंच देल्लं, बाईचंच हाय. पन कळी आली असताना हालवलं त जगन का नाई, मी नाई सांगू शकत.”

“मंग काय करू?” दुर्गेभाऊ म्हणाले. “तूच सांग न सया, मी काय करू?”

ती आत गेली. मूठभर तांदूळ आणि वाळलेली मोहाची फुलं घेऊन आली. जमिनीतलं काही काढायचं तर आधी जमिनीला विचारायचं, ही त्यांच्याकडची रीत. कळीच्या बुडाशी तिने ते ठेवलं आणि गोंडीत दोन शब्द पुटपुटली. मी दुर्गेभाऊंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे तोंड फिरवतील. त्यांनी चपला काढल्या. तापल्या मातीवर अनवाणी उभं राहून हात जोडले, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी दुसरीकडे पाहिलं. कोणाला उघडं पाहू नये, तसं वाटलं मला.

सयाबाईने लांबून खणत खणत मोठा मातीचा गोळा अलगद उचलला आणि घमेल्यात ठेवला. येताना बस खड्ड्यातून गेली की दुर्गेभाऊ घमेलं हातांवर उचलून धरायचे. कॉलनी येईपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही, आणि छागल भरलेली होती.

कळी मेली नाही. दांडा हळूहळू वाढत गेला. दुर्गेभाऊ घमेल्यासमोर दोन्ही हात काखेत दाबून बसायचे. दर थोड्या वेळाने मला खाली हाक यायची, “मास्तरीनबाई, देऊ का जी थोडंसं?” मी नर्सरीवाल्याला विचारायचे, तो म्हणायचा, जरासं शिंपडा. मग हे चमच्याने पाणी द्यायचे. रोज सकाळी चहाआधी मीही वर जाऊन कळी बघून यायचे. मी त्या फुलाला मनातल्या मनात शिव्याही घातल्या, की बाई गं, ये तरी नाहीतर मर तरी.

विमलताई आल्या त्या दिवशी फूल अर्धं उघडलं होतं. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना वर नेलं. त्यांचं वजन काही उरलंच नव्हतं. बाल्कनीच्या दारात खुर्ची ठेवली. त्यांनी फुलाकडे पाहिलं, मग घमेल्याकडे, मग रिकाम्या कुंड्यांकडे.

“हे आपलं नाई,” त्या म्हणाल्या.

“सयाचं हाय,” दुर्गेभाऊ म्हणाले. “आपले मी सडवले. रोज पानी देल्लं मी, विमल. तुह्या एकाही कुंडीत काई नाई राह्यलं.” आणि मान खाली घालून उभे राहिले, वर्गात शिक्षा झाल्यासारखे.

विमलताईंनी पदर तोंडाकडे न्यायचा प्रयत्न केला. हात तिथपर्यंत पोचला नाही, म्हणून त्यांचं हसू आम्हाला सगळ्यांना दिसलं. “रोज देल्लं?” त्या म्हणाल्या. “थंडीतबी?”

“थंडीतबी.”

“अवो, मंग बसा न माह्याजवळ. उभे काऊन हाय?”

पुढच्या काही दिवसांत फूल पुरं उघडून लाल चेंडू झालं. सगळी कॉलनी येऊन पाहून गेली. फूल पाहायचं निमित्त, ताईंना पाहायचं होतं. ज्या घरातून कांदे हरवले होते त्या घरांतून पेज, खिचडी, मऊ भात येत होता. दुर्गेभाऊ ताईंच्या उशाशी बसून त्यांच्या ओठांना ओला कापूस लावायचे. एका सकाळी, चांगलं ऊन वर आल्यावर, त्या गेल्या. विहारातून भंतेजी आले, वंदना झाली, आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. बाल्कनीत फूल तसंच उभं होतं. एक पाकळी उतरली नव्हती.

ताईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम व्हायचा होता, घरात पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी ऐन दुपारी दुर्गेभाऊ घमेलं घेऊन जिना उतरताना दिसले.

“अहो, आत्ता कुठे?” मी विचारलं.

“मोहर्लीले. सयाचं सयाले देऊन येतो.”

“फूल उतरू तरी द्या, भाऊ.”

“तेच त उतरून नाई राह्यलं जी,” ते म्हणाले. “मले पाहवत नाई.”

मी चप्पल घालून त्यांच्याबरोबर थांब्यापर्यंत गेले. झाडाखाली आम्ही दोघंच होतो. रस्ता तापून थरथरत होता. घमेलं त्यांनी खाली ठेवलं नाही.

“मास्तरीनबाई,” ते म्हणाले, “त्या दिवशी सयाच्या घरी मी हात जोडले, तुमी पाह्यलं.”

“हो.”

“मले मागताच नाई आलं जी. जिंदगीत कोनाले काई मागतलं नाई, कसं मागाचं ते मालूम नाई. मी म्हनलो, तिले फूल पाह्याले घरी येऊ दे. तेवढंच म्हनलो. आली ती. पाह्यलं तिनं.” त्यांनी घमेल्याच्या काठावरची माती पुसली. “तिले राहू दे, असं म्हनाचं मले सुचलंच नाई.”

 वर्गात एवढी बडबड करणारी मी, तोंडाला येईल ते बोलून बसले. म्हटलं, “भाऊ, तुमचा तर या गोष्टींवर विश्वास नाही ना?”

“नाई न,” ते म्हणाले. “आजबी नाई.”

बस आली. कंडक्टरने सांगितलं, काका, घमेलं मागे ठेवा. त्यांनी ते ऐकलं नाही. खिडकीपाशी बसले आणि घमेलं मांडीवर घेतलं. बस निघाली तेव्हा खिडकीत मला फक्त ते लाल फूल दिसत होतं. त्याच्यामागे त्यांचं तोंड दिसत नव्हतं.